कळमनुरीत दाबली, पुण्यात वाजली

मित्रांनो, मी एक जुनी बेल आहे. दारावरची, वायरची, टिंग-टाँग करणारी. कळमनुरीत नांदेड रस्त्याच्या बाजूला जी नवी वस्ती झाली आहे, तिथल्या एका दोन खोल्यांच्या घरात, पुढच्या दाराच्या वर मला दोन स्क्रूंनी आवळून बसवलं आहे. स्वभावानं मी फार उतावळी. एका जागी गप्प बसणं मला जमत नाही आणि नशिबात नेमकं तेच आलं. म्हणून जे सांगायचं ते आज एका दमात सांगून टाकते. मधेच कोणी बटण दाबलं तर मात्र थांबावं लागेल.

माझा जन्म एका दूरच्या शहरातल्या कारखान्यात झाला. तिथं लांबलचक टेबलाशी बसून बायका तांब्याची बारीक तार गुंडाळायच्या. ती गुंडाळी म्हणजे माझं पोट. पोटात एक लोखंडी दांडी, दांडीला स्प्रिंग आणि दोन बाजूंना दोन पट्ट्या. बटण दाबलं की दांडी एका पट्टीवर आपटते, टिंग. बोट काढलं की स्प्रिंग तिला मागं ढकलते आणि ती दुसरीवर आपटते, टाँग. एवढंच माझं शिक्षण. पण खोक्यात घालण्याआधी एका बाईनं मला वाजवून पाहिलं, आवाज ऐकून मान डोलावली, आणि तेव्हापासून मला वाटायला लागलं की आता आपण दिवसभर नुसतं वाजत राहायचं.

वाजणं कुठलं! हिंगोलीच्या बाजारातल्या एका दुकानात पंख्यांच्या खोक्यांमागं मी कितीतरी दिवस धूळ खात पडले होते. शेवटी एक दिवस खाकी पँटमधला एक उंच माणूस आला. त्याचं नाव रतनसिंग. एसटीत कंडक्टर होता, नुकताच निवृत्त झाला होता.

"आयुष्यभर दुसऱ्याच्या गाडीत घंटी वाजवली," तो दुकानदाराला म्हणाला. "सिंगल बेल थांबा, डबल बेल चला. आता स्वतःचं घर बांधलं. आपल्या घरालाबी घंटी पायजे का न्हाई?"

दुकानदारानं चार बेल काढून दाखवल्या. रतनसिंगनं प्रत्येकीला कान लावून ऐकलं आणि मला उचललं. त्या दिवशी मला जे वाटलं ते मी अजून विसरलेले नाही. मला कोणीतरी आवडीनं निवडलं होतं.

रतनसिंग मूळचे बंजारा तांड्यावरचे. बायको जिवनबाई, मुलगी दिपा. घरात सगळे गोरमाटी बोलायचे, पण मी तुम्हाला मराठीतच सांगते, कारण माझी गोरमाटी अजून कच्ची आहे. वास्तुशांतीच्या दिवशी अख्खा तांडा जेवायला आला. रतनसिंगनं मोठ्या हौसेनं सगळ्यांना माझं बटण दाखवलं. त्यांचे थोरले भाऊ फुलसिंग मिशीला पीळ देत म्हणाले, "रतन, आमी काय तुझे पाशिंजर हाव का, घंटी मारून उतरायला?"

सगळं अंगण हसलं. आणि मित्रांनो, त्या एका चेष्टेनं माझं नशीब ठरलं. तांड्याची रीत अशी की येणाऱ्यानं वाटेवरूनच हाक मारायची. हाकेवरून कोण येतंय ते घरात कळतं आणि माणूस दारात पोचेपर्यंत चुलीवर पाणी चढतं. मुकाट्यानं दार वाजवणारा माणूस म्हणजे परका, काहीतरी कामाचा कागद घेऊन आलेला. ही रीत जिवनबाईंनी वस्तीत आणली आणि शेजारच्या मनकर्णाबाईंनीही ती उचलली. मनकर्णाबाई शेतकरी घरातल्या, आवाज खणखणीत. "जिवनबाई, ओ जिवनबाई! हाय का न्हाई घरात?" अशी त्यांची हाक आली की मी दाराच्या वर नुसती चरफडत राहायची. अहो, हाताशी बटण आहे, दाबा की! पण छे. मनकर्णाबाई घराशेजारच्या बोळातून वळसा घालून मागच्या अंगणात जायच्या.

मग मला कोण दाबायचं? वीजमीटर बघणारा. कुरियरवाला. निवडणुकीत पत्रकं वाटणारे. वर्गणीवाले. आणि शाळा सुटल्यावर दाबून पळून जाणारी पोरं, ज्यांच्यावर माझा खरं तर फार जीव होता. घरातल्या माणसांपैकी एकटे रतनसिंग मला वाजवायचे. बाजारातून आले की झोकात डबल बेल. आतून जिवनबाई म्हणायच्या, "या, उतरा! तिकीट काढलं का?" रोज तीच थट्टा आणि रोज दोघं हसायचे. पुढं रतनसिंग छातीच्या दुखण्यानं गेले. त्यानंतर मला परक्यांशिवाय कोणी हात लावला नाही. माझ्या अंगावर जाळी धरली आणि झाकणाखाली एका पालीनं बिऱ्हाड केलं.

जिवनबाई एकट्या राहिल्या, असं लांबून वाटेल. पण त्यांचं मागचं अंगण तुम्ही बघायला हवं होतं. तिथं बदामाच्या झाडाखाली दुपारभर गोधड्या शिवायचं काम चालायचं. मनकर्णाबाई, वस्तीतल्या आणखी दोघी-तिघी, आणि बाजाराच्या दिवशी तर तांड्यावरच्या सगळ्या बायका. पिशव्या, पाट्या तिथंच टाकायच्या, पाणी प्यायचं, पाय पसरून बसायचं, भांडायचं, हसायचं आणि मग बाजारात जायचं. परतताना पुन्हा चहा. हा सगळा गोंगाट मला भिंतीपलीकडून ऐकू यायचा. माझा आवाज मात्र तिकडं पोचत नव्हता.

आणि त्यातूनच पुढचं सगळं घडलं. दिपा घर बांधलं तेव्हापासूनच पुण्याला एका कंपनीत नोकरीला. ती आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या कुरियरनं पाठवायची. कुरियरवाला यायचा, मला दाबायचा, मी जीव तोडून वाजायची आणि अंगणात गोधडीच्या टाक्यांवरून वाद चाललेला असायचा. दोनदा गोळ्या परत गेल्या. दिपाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं पुण्याहून एक पांढरी डबी पाठवली, काडेपेटीएवढी. ती माझ्या वायरीला जोडायची, म्हणजे कळमनुरीत बटण दाबलं की पुण्यात तिच्या फोनवर कळणार. घरात वायफाय तिनं आधीच बसवून दिलं होतं, रात्री पुढच्या खोलीतून आईला व्हिडिओ कॉल करता यावा म्हणून; मागच्या अंगणात ते पोचत नाही.

जोडायला आला जगन, रतनसिंगांचा पुतण्या. पंपाच्या जळालेल्या मोटारींची तार भरतो, घरांची फिटिंग करतो, पोट सुटलेलं आहे आणि घाई फार. स्टुलावर चढून त्यानं माझं झाकण काढलं तेव्हा पाल त्याच्या हातावरून गेली आणि त्यानं जी उडी मारली ती बघून मला कितीतरी वर्षांनी बरं वाटलं. दिपा व्हिडिओ कॉलवरून सांगत होती, "जगनदादा, डबीला वेगळी लाइन दे हं."

"काहून भिंत फोडायची?" जगन म्हणाला. "बेलच्याच वायरीतून घेतो. चालून राहिलं का न्हाई, ते बघ."

चालत होतं. पण त्या डबीला जगायला लागणारा करंट आता माझ्या पोटातून जायला लागला. तो थोडासाच होता, दांडी उचलायला न पुरणारा, पण तिला थरथरत ठेवणारा. तेव्हापासून मी अखंड गुणगुणायला लागले. दिवसा, रात्री, चूल पेटताना, दिवा मालवताना. विश्रांती म्हणून नाही. मनकर्णाबाईंनी तर भिंतीत भुंगा शिरला म्हणून काडी घालून पाहिली.

तरीही सुरुवातीला मी हुरळून गेले. आजवर माझं कोणी ऐकत नव्हतं आणि आता माझा आवाज पार पुण्याला जात होता! कुरियरवाला मला दाबायचा, पुण्यात दिपाच्या फोनवर अक्षरं उमटायची, "दारात कोणीतरी आलं आहे." दिपा लगेच आईला फोन लावायची आणि मग जिवनबाईंच्या कमरेच्या पिशवीत तो वाजायचा, "याडी, पुढं जा, माणूस उभा आहे." याडी म्हणजे आई. लेकीचा फोन आला की बायका आपलं बोलणं आवरायच्या. भिंतीपलीकडचं सांगायला पुण्याला वळसा! काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच. पण गोळ्या वेळेवर मिळायला लागल्या आणि सगळ्यांनी डबीचं कौतुक केलं. माझं कोणी केलं नाही. मी म्हटलं, असू दे.

मग एक गोष्ट झाली. दिपाला तो फोन बघायची सवय लागली. कामातून मान वर काढली की ती बघायची, आज याडीकडं कोण आलं. कुरियर सोडलं तर कोणीच नाही. परवा? कोणी नाही. बाजाराच्या दिवशी? कोणी नाही.

"याडी, आठवडाभर घरी कोणीच आलं नाही का गं?" तिनं एकदा विचारलं.

"येतात की सगळ्या. आता उठून गेल्या."

दिपाला ते पटलं नाही. तिला वाटलं, आई आपल्याला बरं वाटावं म्हणून सांगते आहे. आणि तिचं तरी काय चुकलं म्हणावं? ती दिवाळीला दोन दिवस यायची, तेव्हा बायका मुद्दाम फिरकायच्या नाहीत. लेक आली आहे, मायलेकींना बोलू द्यावं, ही त्यांची समजूत. दिपानं ते अंगण भरलेलं कधी पाहिलंच नव्हतं.

एका संध्याकाळी ती फोनवर रडली. फोन स्पीकरवर होता, म्हणून मला सगळं ऐकू आलं. "मला सगळं दिसतं, याडी. तुझ्या दाराला कोणी बोट लावत नाही. तू दिवसभर भिंतींकडं बघत बसतेस आणि मला खोटं सांगतेस. मी गाडी घेऊन येते. घराला कुलूप लावायचं आणि तू कायमची माझ्याकडं यायचं."

जिवनबाईंनी दोन-तीनदा समजावून पाहिलं. मग लेकीचं रडणं ऐकवेना, तेव्हा म्हणाल्या, "बरं बाई. ये."

मित्रांनो, माझी काय अवस्था झाली असेल! साक्ष माझी निघाली होती. मी वाजत नाही म्हणजे घर ओस आहे, असं माझ्या गप्प राहण्यावरून ठरलं होतं. खरं काय ते मला माहीत होतं आणि ओरडून सांगायला माझ्याकडं टिंग आणि टाँग हे दोनच शब्द, तेही दुसऱ्यानं बोट लावल्याशिवाय तोंडातून न निघणारे. मी गुणगुणत राहिले. माझा जीव नुसता टांगणीला लागला होता.

दुसऱ्या दिवशी जिवनबाईंनी अंगणात सगळं सांगितलं. मनकर्णाबाई उसळल्या. "काय म्हणती लेक? घरी कोणी येत न्हाई? मग आमी कोण, कावळे हाव का?" ठरलं, की आता जी कोणी येईल तिनं आधी पुढं जाऊन बेल दाबायची आणि मग मागं यायचं. ते ऐकून मी अंग झटकून तयार बसले.

पण जन्माची सवय अशी जाते का? बायका हाक मारत बोळात शिरायच्या, पाणी पिऊन झाल्यावर त्यांना आठवायचं. मग एकजण उठून पुढं यायची, पदर तोंडाला लावून हसत बटण दाबायची, तर वीज गेलेली. मनकर्णाबाईंना तर दाबवेनाच. बटणापर्यंत बोट न्यायच्या आणि मागं घ्यायच्या. "मला परक्यावानी वाटतं ओ, जिवनबाई. रोजच्या घरात अशी घंटी मारून कसं यावं?"

शेवटी बाजाराच्या दिवशी मात्र तांड्यावरच्या बायकांनी मनावर घेतलं. त्या दिवशी वीज होती. एकीमागं एक येऊन दाबायला लागल्या. कोणी एकदा, कोणी चारदा, एका म्हातारीला तर बोट काढायचं असतं हेच माहीत नव्हतं. काय सांगू तुम्हाला! मी वाजले, वाजले, पोटातली तार गरम होईपर्यंत वाजले. आयुष्यात पहिल्यांदा मी खरं बोलत होते आणि ते पुण्याला जात होतं.

बायका बाजाराला निघून गेल्या आणि थोड्या वेळानं जगन धावत आला. "काकी, दिपाचा फोन आला होता. सेन्सर पागल झाला म्हणते. इतकी माणसं तुझ्याकडं येतील तरी कशी, असंबी म्हणते." जिवनबाई काही सांगायच्या आत तो स्टुलावर चढला, त्यानं डबी काढली, फुंकली, पुन्हा बसवली आणि फोनवर सांगितलं, "वायरीत लोचा होता. आता बराबर केलं."

मी गप्प होते तेव्हा मला खरं मानलं आणि बोलले तेव्हा बिघडलेली ठरवलं. मला इतका संताप आला की काय सांगू, पण बेलचा संताप कोणाला दिसतो?

ठरलेला दिवस आला. जिवनबाई सकाळपासून पुढच्या खोलीत पत्र्याच्या पेटीत लुगडी भरत होत्या. सगळ्या बायका तिथंच जमल्या होत्या, पहिल्यांदाच माझ्या खाली. कोणी गोधडीची घडी घालत होतं, कोणी नुसतं बसून डोळे पुसत होतं. मनकर्णाबाई रागानं म्हणत होत्या, "पुण्याला जाऊन काय चवथ्या मजल्यावरून हाका मारणार का? कोणाला?" जिवनबाई म्हणाल्या, "लेकीचा जीव लागून राहिला. तिला तकलीफ न्हाई द्यायची मला." आणि त्याही रडल्या. मला वाटलं, हे सगळं कोणीतरी एकदा डोळ्यांनी बघावं. एकदाच.

बाहेर गाडी थांबली. दार लोटलेलं होतं. पावलं ओट्यावर आली. आणि मला कोणीतरी दाबलं.

टिंग-टाँग.

 बेल वाजली म्हणजे परका माणूस आला आणि परका माणूस कामानं आला की बसलेल्यांनी उठायचं, ही त्यांची रीत. बायकांनी पदर सावरले, चहाचे कप तिथंच ठेवले आणि एकीमागं एक मागच्या दारानं निघून गेल्या. क्षणात खोली मोकळी झाली. जिवनबाईंनी डोळे पुसले, आवाज नीट केला आणि आतूनच विचारलं, "कोण हाय? कोण पायजे तुमाला?"

दारात दिपा उभी होती. पुण्यात दारोदार बटणं दाबून बोटाला सवय झालेली, तसं तिनं नकळत दाबलं होतं. तिच्याच हातातला फोन थरथरला. तिनं वाचलं, "दारात कोणीतरी आलं आहे."

जिवनबाईंनी दार उघडलं आणि त्या बघतच राहिल्या. "तू व्हय? मग बेल काहून दाबलीस, बाई? मला वाटलं कोणी परकं आलं."

त्या हे साधेपणानंच बोलल्या होत्या. पण दिपाचा चेहरा उतरलेला मी वरून पाहिला. ती काही बोलणार, एवढ्यात मागच्या अंगणातून मनकर्णाबाईंची हाक आली, "जिवनबाई, ओ जिवनबाई! गेला का तो माणूस? येऊ का आमी?"

आणि उत्तराची वाट न बघता सगळ्या आत आल्या. मागच्या दारानं, एकीमागं एक, थांबायचंच नाव नाही. दिपाला बघून कोणी तिच्या गालावरून हात फिरवला, कोणी कडकडा बोटं मोडली. दिपा सगळ्यांकडं बघत होती. मग तिनं खाली बघितलं. खोलीभर अर्धवट प्यालेल्या चहाचे कप होते, सगळ्यांतून अजून वाफ निघत होती.

"या सगळ्या रोज येतात?" तिनं विचारलं.

"मी सांगून राहिले होते की, बाई," जिवनबाई म्हणाल्या. "तू माझं न्हाई ऐकलंस. मशीनचं ऐकलंस."

दिपा पेटीवरच बसली आणि लहान लेकरासारखी रडली. "माझ्या दाराची बेल फक्त पार्सलवाले वाजवतात, याडी. बाकी कोणीच येत नाही. मला वाटलं, तुझंही तसंच असणार."

 मनकर्णाबाईंनी तिच्यासाठी चहा ठेवला. जिवनबाईंनी पेटीतली लुगडी हळूहळू परत काढली, दोन तेवढी आत ठेवली. "चल, महिनाभर येते तुझ्याकडं," त्या म्हणाल्या. "राहायला न्हाई, तुझ्या सोबतीला. तुझ्या शेजारणीला हाक मारून बघते, ओ देती का."

घराला कुलूप लागलं नाही. मनकर्णाबाई महिनाभर मागचं अंगण उघडून बसत होत्या. जिवनबाई परत आल्या. जगननं डबीला वेगळी लाइन दिली आणि माझी गुणगुण थांबली, तरी मला अजून झोप अशी लागत नाही.

परवाची गोष्ट. भर दुपारी, कोणी वाट बघत नसताना, बोळाच्या तोंडापासून हाक आली. "याडी! ओ याडी! पाणी चढव चुलीवर!" आवाज ओळखीचा होता, पण इतका मोठा मी कधी ऐकला नव्हता. अंगणात बायकांचा एकच कल्ला झाला. दिपा माझ्या बटणाजवळून गेली, हातसुद्धा न लावता, आणि बोळातून मागं वळली. माझी दांडी जागेवरून हलली नाही. फोनवर काहीही उमटलं नाही, कुठंच.

मित्रांनो, माझ्यावरची जाळी अधूनमधून पुसा, वायर कुरतडली असेल तर वेळेवर बदला, परक्या माणसाला मला जरूर दाबू द्या. पण तुमच्या माणसाच्या दारात गेलात, तर मला हात लावू नका. वाटेवरूनच हाक मारा. गप्प बसणं मला फार जड जातं, पण तेवढ्यापुरती मी गप्प बसेन.